सर्व्हरची वीज-पेटी : जादा एक का हवी?



काट्यावर उसाची गाडी चढली की वजनाची पावती हातात पडते. ती नोंद संगणक खोलीतल्या सर्व्हरवर जाते आणि पुढं बिलही त्यावरूनच निघते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत रक्कम द्यायची. नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. तेव्हा ऐन हंगामात सर्व्हर बसला तर बाहेर गाड्यांची रांग लागते, ऊस वाळतो आणि वजनात मार सभासदच खातो.

सर्व्हरला वीज देणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. ती २३० व्होल्टच्या ए.सी. विजेची साधारण १२ व्होल्टची डी.सी. वीज करते. "यू.पी.एस. आहे की!" असं काहीजण म्हणतात. पण यू.पी.एस. लाईट गेल्यावर कामाचा; पेटीच जळाली तर तो काय करणार?

म्हणून चांगल्या सर्व्हरला अशा दोन पेट्या असतात. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते. इथं तसं नाही, राहिलेली पेटी एकटी सगळा भार ओढते. मात्र दोन्हींच्या वायरी एकाच बोर्डात खोचल्या तर जोडीचा अर्थच उरत नाही.

खरा धोका इथंच आहे. एक पेटी गेली तरी काम चालूच राहतं, मागचा पिवळा दिवा कोणी पाहत नाही आणि दुसरी गेली की मग धावपळ. आपल्याकडं भुशाची धूळ पंख्यात बसते, पेटी तापते. आतले कपॅसिटर उष्णतेनं सुकतात; ढोबळ हिशेबानं १० अंश उष्णता वाढली की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं.

बदलायचं काम सोपं आहे. सर्व्हर चालू ठेवून मेलेल्या पेटीची वायर काढायची, खटका दाबून ती ओढायची, नवी आवाज येईपर्यंत सरकवायची. पण नवी पेटी त्याच मॉडेलला चालणारी आणि तेवढ्याच वॅटची हवी. ८०० वॅटशेजारी ५०० ची बसवू नये. बाजारात वापरलेल्याही मिळतात, स्वस्त असतात. काट्याच्या सर्व्हरला त्या नकोत असं आमचं मत. जुनी पेटी उघडून दुरुस्तीचा खटाटोप तर मुळीच नको, बंद केल्यावरही आत सुमारे ४०० व्होल्टचा साठा काही वेळ राहतो.

मिलचे सुटे भाग आपण हंगामाआधी आणून ठेवतोच. त्याच यादीत ही एक पेटी धरावी.