वार्षिकांकातलं एक पान

माझी भाची तुळजापूरला कॉलेजात शिकते. परवा म्हणाली, "मावशी, वार्षिकांकात बाळंतपणावर लिहू का? मैत्रिणी हसतात, म्हणतात कविता दे."

मैत्रिणींनो, हसण्यासारखं काय आहे? १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर होताना आनंदीबाई जोशींनी प्रबंध लिहिला, तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच. शिकायला सातासमुद्रापार गेल्या, पण विषय घेतला आपल्या बायकांचा!

१९७८ साली अल्मा-आटाला जगभरच्या सरकारांनी 'सन २००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य' कबूल केलं. आरोग्यसेवा कशी असावी, हे ठरवण्यात लोकांनाही हक्क, असं जाहीरनाम्यात लिहिलं. २००० उलटलं, वचन तसंच राहिलं. आपल्या अणदूरला मात्र डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारींच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं.

तेव्हा लेकींना लिहू द्या. उपकेंद्रात नर्सबाई कधी भेटते, रात्री गाडी किती वेळाने येते, पदरचे पैसे किती जातात, सगळं तारीख घालून. वरच्यांना नुसते आकडे दिसतात. कळा कुणी सोसल्या, हे आपल्याच पोरी लिहिणार ना?