पडद्यावरील संत्र्यांची टोपली

पांढुर्णा-सौंसरच्या वाचकांना संत्र्याची फळगळ म्हणजे काय, हे सांगावयास नको. बागेत गळालेले फळ म्हणजे नुकसान. परंतु तेच फळ संगणकाच्या पडद्यावर वरून पडत असेल आणि मूल खाली टोपली धरून ते झेलीत असेल, तर त्यापासून त्याला पुष्कळ शिकता येते. मात्र तो खेळ त्याने स्वतः तयार केलेला असला पाहिजे.

याचे एक साधन ‘स्क्रॅच’ या नावाचे आहे. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत मिचेल रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मुलांसाठी निर्माण केले आणि २००७ साली सर्वांस खुले केले. त्यास मूल्य पडत नाही. शाळेच्या संगणकावर एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटवाचूनही चालते, ही खेड्यांच्या दृष्टीने मोठीच सोय. यात प्रत्येक आज्ञेचा एक रंगीत ठोकळा असतो. ते ठोकळे एकाखाली एक जोडीत जावयाचे.

पडद्याची रुंदी ४८० व उंची ३६० एकके असते आणि मध्यबिंदू शून्य. म्हणजे डावे टोक उणे २४०, उजवे अधिक २४०. (आलेखाच्या तासाला जांभया देणारी मुले येथे उणे-अधिकाचा हिशेब आपण होऊन करतात.) उजव्या बाणाची कळ दाबली तर टोपलीच्या ‘एक्स’मध्ये १० मिळवावे, डाव्या बाणाची दाबली तर १० वजा करावे; आणि ही तपासणी अखंड चालावी म्हणून सारे ठोकळे ‘सतत करा’ अशा अर्थाच्या ठोकळ्याच्या पोटात घालावे.

संत्र्याचे काम याहून मौजेचे. वरच्या कडेला, उणे २२० ते २२० यांमध्ये चिठ्ठी टाकावी तशी निघेल त्या जागी त्याने उभे राहावे, आणि ‘वाय’मधून ५-५ वजा होत खाली यावे. टोपलीस स्पर्श झाला तर एक गुण वाढवावा व फळ पुन्हा वर न्यावे. जमिनीवर पडले तर गुणावाचून वर न्यावे. झेललेले फळ वर नेण्याची आज्ञा राहून गेली, तर एकच संत्रे टोपलीतून खाली जाता जाता कितीतरी गुण देऊन जाते! मूल आधी हरखते, मग विचारात पडते. येथे वडील माणसांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये.

आता एक सोनेरी संत्रे घालावे. प्रत्येक वेळी १ ते १० यांतून संगणकाने एक आकडा काढावा. १ निघाला तरच फळ सोनेरी व्हावे आणि त्याचे पाच गुण मिळावे. दहाच्या जागी शंभर लिहिले की सोनेरी फळ क्वचितच दिसते. तरी खेळणारा ‘आणखी एकदा’ म्हणत बसून राहतो. त्याला वाटते, आपले दैव खोटे. दैव कसले? आकडा कोणीतरी लिहिलेला असतो.

मोबाईलवर पैसे लावून खेळण्याच्या नादाने कित्येक घरांची वाताहत झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने असल्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. पैसे न लागणारे खेळ मात्र आहेतच, आणि त्यांतही बक्षीस केव्हा दिसावे, किती वेळा हुलकावणी द्यावी, हे बनविणाराच ठरवितो. मुलाच्या हातून मोबाईल हिसकावून घेतल्याने हे त्याला कळत नाही, असे आमचे मत आहे.

तेव्हा पालकहो, खेळ सिद्ध झाला की धाकट्या भावंडास प्रथम दहाच्या आकड्यावर खेळू द्यावे, आणि मग काही न सांगता शंभराच्या. तो कुरकुर करू लागला, म्हणजे थोरल्याने तो ठोकळा उघडून त्याला आकडा दाखवावा व बदलावयास त्याच्याच हाती द्यावा.