जिल्ह्याची बातमी आणि तिचा वार्ताहर

सकाळच्या प्रादेशिक बातम्या दहा मिनिटांत आटोपतात. त्यांत आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला फार तर तीन-चार वाक्ये येतात. बातम्या वाचणाऱ्याचे नाव आपल्याला ऐकू येते; पण ती तीन-चार वाक्ये ज्याने जिल्ह्यातून पाठविली, त्याचे नाव कानावर पडत नाही. हा माणूस कोण, त्याचे काम कसे चालते आणि त्याच्या पोटापाण्याची व्यवस्था काय आहे, हे आपण समजून घेऊ. श्रोत्यांचा त्याच्याशी संबंध आहे तो कसा, हेही त्यातून उघड होईल.

प्रथम संस्थेविषयी. आपल्याकडे नभोवाणीचे नियमित प्रक्षेपण मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी निघाले, आणि पुढे नगर शहरातही आकाशवाणीचे स्थानिक केंद्र आले. १९९७ पासून हा सारा कारभार प्रसार भारती या महामंडळाकडे आहे. खासगी एफ. एम. वाहिन्यांनी गाणी लावावीत, गप्पा माराव्यात. परंतु स्वतः गोळा केलेल्या बातम्या सांगण्याची मुभा सरकारने त्यांना दिलेली नाही. त्यांना आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकविता येतात. म्हणजे रेडिओवरून बातमी देणे हे काम या देशात एकट्या सार्वजनिक संस्थेचे आहे. ती चुकली किंवा गप्प बसली, तर रेडिओवर दुसरे कोणी ती उणीव भरून काढू शकत नाही.

आता काम पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणी आकाशवाणीचा अंशकालीन वार्ताहर असतो. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके चौदा. एका टोकाला अकोल्याचा डोंगराळ मुलूख, दुसऱ्या टोकाला जामखेड. पावसाळ्यात भंडारदरा भरतो, पाणी निळवंड्यात येते आणि तेथून प्रवरेत सोडतात. ते अकोले, संगमनेर करीत नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. अशा वेळी किती पाणी सोडले, कोणत्या गावांनी सावध राहावे, हे वार्ताहराला पाटबंधारे खात्याकडून पक्के करून घ्यावे लागते. छापील आकडा वाचक पुन्हा पाहू शकतो; रेडिओवरचा आकडा एकदा कानावर पडला की गेला. म्हणून वाक्य लहान, शब्द सोपा आणि आकडा खात्रीचा, ही या धंद्याची शिस्त. दहा मिनिटांत हजार-बाराशे शब्द मावतात. त्यांत साऱ्या प्रदेशाला जागा द्यायची. तेव्हा काय सांगावे याइतकेच काय गाळावे, हेही नव्या वार्ताहराला शिकावे लागते. घाईने दिलेली अफवा मागे घेता येत नाही, कारण ऐकणारा तोवर शेतावर गेलेला असतो.

एवढी जबाबदारी ज्याच्यावर, त्याची नोकरी कायम असेल, असे कोणालाही वाटेल. ती तशी नाही. अंशकालीन वार्ताहर कराराने नेमला जातो आणि त्याला दरमहा ठरावीक मानधन मिळते. जाहिरातींत वयाची अट बहुधा २४ ते ४५ वर्षांची असते. म्हणजे उमेदीची वर्षे संस्थेला हवी असतात, पण त्या वर्षांनंतरच्या निवृत्तिवेतनाची हमी नसते. केंद्रावरच्या हंगामी निवेदकांना तर पाळीप्रमाणे पैसे मिळतात, आणि महिन्याकाठी पाळ्या साधारणपणे सहाच. तेव्हा हा तरुण शिकवण्या घेतो, जाहिरातीची कामे करतो, आणि उरलेल्या वेळात जिल्ह्याची बातमी पाहतो.

नगर आणि संगमनेरच्या लोकांना हा प्रकार नवा नाही. आपल्याकडे हजारो बायका घरी बसून विड्या वळीत आल्या आहेत, आणि मजुरी हजार विड्यांवर. ‘त्या घरी काम करतात, म्हणून त्या कामगारच नव्हेत,’ असा मालकांचा युक्तिवाद असे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने तो मोडून काढला आणि घरी विड्या वळणारीलाही कामगार मानले. पत्रकारांसाठी कायदा १९५५ सालीच झाला होता. पण तो वर्तमानपत्रांपुरता. रेडिओचा बातमीदार त्याच्या बाहेर राहिला. आता हे दोन्ही कायदे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेने श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत रेडिओचाही समावेश केला आणि अंशकालीन पत्रकारालाही त्यात जागा ठेवली. मात्र एक मेख आहे. पत्रकारिता हा त्या माणसाचा मुख्य व्यवसाय असला पाहिजे. मानधन अपुरे म्हणून ज्याला शिकवण्या घ्याव्या लागतात, त्याला उद्या कोणी म्हणेल, ‘तुझा मुख्य व्यवसाय शिकवण्यांचा!’ म्हणजे कमी पैसे देणाऱ्यालाच त्या कमी पैशाचा फायदा. कायद्यातला शब्द पगाराच्या आकड्याशी जोडून वाचावा लागतो, तो असा.

कोणी विचारील, हा नोकरदारांचा प्रश्न, ऐकणाऱ्यांचे काय? जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून ते काम छत्रपती संभाजीनगरकडे नेण्याचा आदेश निघाला होता. लोकांनी आवाज उठविला आणि आदेशाला स्थगिती मिळाली. यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. वृत्तविभाग कागदाच्या एका तुकड्याने हलविता येतो. आणि ऐकणारे जागे असले, तर तो थांबविताही येतो. परंतु विभाग हलतो तेव्हा निदान गवगवा होतो. जिल्ह्यातला एक वार्ताहर कंटाळून काम सोडून गेला, तर त्याची बातमी होत नाही. फक्त काही दिवसांनी आपल्या लक्षात येते, की रेडिओवर आपल्या तालुक्याचे नाव ऐकून बरेच दिवस झाले.

कराराच्या माणसाला अप्रिय प्रश्न विचारणे जड जाते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याचा करार पुढच्या वर्षी चालू राहील की नाही हे वरिष्ठांच्या मर्जीवर, तो चारा छावणीतला घोटाळा विचारण्यापूर्वी दोनदा विचार करील. त्यात भित्रेपणा नाही, संसार आहे. वार्ताहराच्या नोकरीची शाश्वती आणि बातमीचा खरेपणा या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. म्हणून आपले खासदार भेटतील तेव्हा रस्त्याची आणि पाण्याची मागणी जरूर करावी. तिच्याच जोडीला आपल्या जिल्ह्याच्या आकाशवाणीवर किती माणसे कायम आहेत, हाही प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळविण्याचा हक्क ऐकणाराचा आहे.