मत्स्यटाकीतील दिव्याचे वेळापत्रक

शोभिवंत माशांचा जोडधंदा करणारे आपले बंधुभगिनी पाणी, खाद्य आणि रोग यांबाबत पुष्कळ दक्ष असतात. टाकीवरील दिव्याची गोष्ट मात्र निराळी. सकाळी घरातील कोणीतरी तो लावतो. रात्री आठवण झाली तर मालवितो, विसर पडला तर तो पहाटेपर्यंत जळत राहतो. याचे नुकसान एका दिवसात दृष्टीस पडत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

माशांना आपल्यासारख्या पापण्या नसतात. उजेड नकोसा झाला तरी त्यांना डोळे मिटता येत नाहीत. काळोख हीच त्यांची विश्रांती होय. शिवाय कित्येक जातींची विण्याची वेळ उजेडावर अवलंबून असते. मूळचा भारतीय उपखंडातील झेब्रा मासा याचे उत्तम उदाहरण आहे. जगभरच्या प्रयोगशाळांत या माशाला १४ तास उजेड व १० तास काळोख देण्याची पद्धत रूढ आहे. उजेड होताच पहिल्या काही तासांत मादी अंडी घालते. अंडी चिकट नसल्याने तळाशी पडतात आणि आईबापच ती खाऊन टाकतात. म्हणून तळाशी गोट्या पसराव्यात किंवा जाळी बसवावी, आणि सकाळीच अंडी वेगळी काढावीत. दिवा रोज ठराविक वेळी लागला तरच हे काम वेळेवर साधते. तो कधी सहाला, कधी नऊला लागला तर अंडी माशांच्या पोटात जातात व पालकाचा हंगाम फुकट जातो.

महाराष्ट्रात डिसेंबरअखेरचा दिवस सुमारे ११ तासांचा, तर जूनअखेरचा सव्वातेरा तासांचा असतो. तेव्हा वर्षभर १४ तासांचा दिवस हवा असेल, तर दिव्याचा आधार घेणे क्रमप्राप्त आहे. मात्र हे प्रमाण वनस्पती नसलेल्या प्रजनन टाकीसाठी आहे. पाणवनस्पती लावलेल्या टाकीस साधारणपणे ८ तास पुरेत. नव्याने लावलेल्या टाकीस आरंभी ६ तासच द्यावेत. खिडकीतून ऊन येत असल्यास तेही हिशेबात धरावे. काचेवर हिरवे शेवाळ धरू लागले, तर औषधाच्या बाटलीकडे वळण्याआधी दिव्याचा एखादा तास कमी करून पाहावा. आमच्या मते हा उपाय सर्वांत स्वस्त आहे.

हे काम माणसाच्या आठवणीवर न सोपविता टायमरकडे द्यावे. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. पहिल्यात २४ तासांची फिरती तबकडी असते; तिच्या कडेला सामान्यतः १५ मिनिटांची एक, अशा ९६ खुंट्या असतात. हव्या त्या वेळेच्या खुंट्या दाबल्या की काम झाले. परंतु वीज गेली की तबकडी थांबते. सोमवारी २ तास व मंगळवारी २ तास वीज नसेल, तर बुधवारी सकाळी सहाचा दिवा दहाला लागेल! भारनियमनाच्या गावी ही तबकडी घेतल्यास ती रोज घड्याळाशी जुळवावी लागते. अशा ठिकाणी अंकदर्शक टायमर घ्यावा. त्यातील लहान बॅटरी वीज नसतानाही वेळ राखते. ही बॅटरी चांगली आहे ना, हे अधूनमधून पाहावे.

गडद काळोखात एकदम प्रखर दिवा लागल्यास मासे दचकून काचेवर आपटतात. यासाठी खोलीतील मंद दिवा दुसऱ्या टायमरवर अर्धा तास आधी लावून घ्यावा.

टायमर किती अँपियरचा आहे हे पाहूनच त्यावर दिव्यांचा भार टाकावा. वायर टाकीवरून थेट बोर्डात न नेता बोर्डाच्या पातळीखाली तिला एक वळसा द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी तेथेच खाली गळून पडते. हवापंप व गाळणी यांस टायमरवर कधीही जोडू नये. रात्री वनस्पतीही पाण्यातील प्राणवायू वापरतात. अशा वेळी पंप बंद पडला तर दाट टाकीतील मासे पहाटेपर्यंत तग धरतीलच असे नाही.