तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या मेडशी किंवा शिरपूर जैनसारख्या ग्रामपंचायतींपर्यंत वेगवान इंटरनेट पोहोचवण्याची सरकारी योजना म्हणजे ‘भारतनेट’. केंद्राने तिला २०११मध्ये मंजुरी दिली. पण तिची खरी अडचण जोडणीच्या पद्धतीत होती. पूर्वी केबल बहुतेक ठिकाणी एकाच सरळ ओळीत गावोगाव जाई. रस्त्याच्या कामात जेसीबीने ती तोडली, की पुढची गावे बंद. सातबारा, पीकविमा, दाखले, सगळेच खोळंबे. २०२३च्या १.३९ लाख कोटींच्या सुधारित आराखड्यात म्हणूनच वर्तुळाकार जोडणी आहे: एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहते. हा बदल फार आधी व्हायला हवा होता. आपल्या ग्रामपंचायत कार्यालयातली जोडणी चालू आहे का, हे ग्रामसभेत जरूर विचारा.