सहा सेकंदांची फुंकर

रोज वीस बिड्या, तीस वर्षं. २० गुणिले ३० म्हणजे ६००. छातीचे डॉक्टर या गुणाकाराला स्मोकिंग इंडेक्स म्हणतात; तो ३००च्या वर गेला की धूम्रपान भारी समजायचं. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पन्नाशीतल्या बिडीबाजाचा हिशेब इथवर सहज पोचतो. पण हा आकडा फक्त संशयाचा. सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाच्या नळ्या कायमच्या अरुंद करणारा आजार, त्याने ठरत नाही.

छातीच्या फोटोनेही ठरत नाही. फोटो काढायचा तो टीबी किंवा गाठ नाही ना, हे बघायला. तो साफ आला, थुंकी निगेटिव्ह आली, की खोकल्याची बाटली घेऊन माणूस घरी येतो आणि जिन्यावर लागणारी धाप वयाच्या खात्यात टाकतो. चूक होते ती नेमकी इथे.

निदान होतं स्पायरोमेट्रीने. आधी श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचा ४०० मायक्रोग्रॅम फवारा द्यायचा, १५ मिनिटं थांबायचं. मग नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास आणि एका दमात जोरात फुंकर, निदान सहा सेकंद. ‘अजून, अजून, सोडू नका’ असं तंत्रज्ञ ओरडत असतो, आणि ओरडावंच लागतं. समजा, एकूण हवा निघाली २.४ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात १.२. गुणोत्तर ०.५०. फवाऱ्यानंतरही ते ०.७०च्या खाली राहिलं आणि लक्षणं जुळली, तर सीओपीडी. वय-उंचीनुसार पहिल्या सेकंदाची अपेक्षा २.६ लिटर असेल, तर हा माणूस ४६ टक्क्यांवर आहे. ३० ते ४९ म्हणजे तीव्र.

२०१६ मध्ये भारतात सीओपीडीचे सुमारे साडेपाच कोटी रुग्ण होते. या आजाराच्या ओझ्यातला तंबाखूचा वाटा २५.४ टक्के, हवेच्या प्रदूषणाचा ५३.७, त्यात चुलीचा धूरही आला. म्हणजे बिडी न ओढणाऱ्या घरधनिणीलाही ही फुंकर मारायला लावली पाहिजे.

या तपासणीसाठी लोहाऱ्याला अंतराची सबब नाही. शेजारी यवतमाळात १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

बिडी सोडली तरी गेलेला श्वास परत येत नाही, हेही सांगायला हवं. पण अमेरिका आणि कॅनडातल्या ११ वर्षांच्या पाहणीत ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदाची हवा वर्षाला ६६ मिलिलिटरने घटली, सोडलेल्यांची ३० ने. दहा वर्षांत फरक ३६० मिलिलिटर. ज्याच्याजवळ १.२ लिटरच उरलंय, त्याच्यासाठी ही रक्कम मोठी आहे.