लॉन मॉवर सुरू होतो, पण टिकत नाही

दोरी ओढली, मॉवर सुरू झाला आणि बंद पडला. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मी आधी एकच विचारतो: किती वेळाने बंद पडतो?

दोन-चार सेकंदांत बंद पडत असेल, तर स्पार्क प्लगवर संशय नंतर घ्या. प्राइमरने किंवा चोकमुळे मिळालेलं जादा पेट्रोल जळतं आणि पुढचं येतच नाही. चोक लावून ठेवल्यावरच चालतो? मग कार्ब्युरेटरचा मेन जेट तुंबलेला असणार. महिनोन्‌महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलचा चिकट थर त्या बारीक भोकात बसतो. त्यात आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि ते ओलावा ओढतं.

इंजिन गार झालं की आधी प्लगची कॅप काढा, पातं फिरलं तर बोटं जातील! मग पेट्रोल बंद करून कार्ब्युरेटरची वाटी उघडा, जेट काढा, कार्ब क्लीनर मारा, उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. टाचणीने कोरू नका, भोक मोठं झालं की मिश्रण बिघडतं. टाकीत ताजं पेट्रोल भरा.

दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण सैल करून बघा. तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो ना, तसंच हे. झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल उतरत नाही.

मेकॅनिक ‘कार्ब्युरेटरच बदला’ म्हणाला, तरी आधी एवढं करून बघा.